नर कोंबड्यांच्या निवाऱ्यात जागा किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंबडा ठेवायला जागा शोधणारे आणि स्वतःच निवारा (नको झालेले कोंबडे जन्मभर सांभाळायची जागा) काढायच्या तयारीत असलेले, दोघेही फिरून फिरून हेच विचारतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर ३ आणि ४ आधी वाचा. बाकीचे बरेचसे त्यांच्यावरच उभे आहे.

१. नर कोंबड्यांसाठी वेगळा निवारा कशाला? कोंबड्या तर घरोघर असतात.

घरोघर असतात त्या माद्या. अंड्यातून नर आणि मादी जवळपास निम्मे-निम्मे निघतात, पण आठ ते बारा तलंगांमागे (तरुण माद्यांमागे) कोंबडा एकच पुरतो. खुडूक कोंबडीखाली वीस पिल्ले निघाली तर त्यातल्या नऊ-दहा नरांना कळपात कामच नसते. गावात त्यांची वाट ठरलेली आहे. शहरात ती नसते. अंड्यांच्या जातीचे नर हॅचरीला नको असतात. जत्रेत आणि रस्त्यावर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकली जाणारी पिल्ले बहुधा तीच. सहा-आठ आठवड्यांत तुरा लाल होऊ लागतो, चौथ्या-पाचव्या महिन्यात बांग सुरू होते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येतो. तिसरा ओघ झुंजींचा. त्याबद्दल प्रश्न १२.

२. आमचा एकच आहे. एका कोंबड्याला अशी किती जागा लागणार?

गावठी अंगाचा कोंबडा असेल तर रात्री खुराड्यात ८ चौरस फूट, बसायला दांडीवर १ फूट आणि दिवसा उकरायला १५० चौरस फूट मोकळी जमीन. व्यापारी पोल्ट्रीतले आकडे याच्या कितीतरी खाली असतात, पण ते काही आठवड्यांच्या मुक्कामासाठी काढलेले आहेत. इथे मुक्काम जन्मभराचा.

अडचण या जागेची नसते. तो एकटा कुठल्या गटात बसेल, हा खरा प्रश्न.

३. मग संख्या नक्की ठरते कशी?

सर्वांत लहान आकड्यावरून. मोकळी जमीन, रात्रीची खुराडी, रोजचे हात, पैसा आणि वेगळे ठेवता येतील असे गट, या पाच गोष्टींवरून पाच वेगळे आकडे काढायचे. त्यांची सरासरी करायची नाही. जो सर्वांत कमी तो निवाऱ्याचा.

उदाहरण घेऊ. जागा २० गुंठे, म्हणजे २१,७८० चौरस फूट. खुराडी, विलगीकरणाची खोली, धान्याची कोठी, खतखड्डा आणि वाटा यांत ६,००० गेले, उरले १५,७८०. त्यातली निम्मी जमीन आलटून पालटून रिकामी ठेवावी लागते, नाहीतर गवत टिकत नाही आणि जंतांची अंडी मातीत साचत जातात. वापरात राहिले ७,८९०. दीडशेने भागले की ५२.

खुराडी सहा, प्रत्येक ८० चौरस फुटांचे. आठने भागले तर ६०.

हातांचा हिशेब लोक सहसा करतच नाहीत. सहा खुराड्यांना सकाळी २० आणि संध्याकाळी २० मिनिटे म्हणजे रोजचे चार तास, झाडलोट आणि पाणी धरून. शिवाय प्रत्येक पक्षी आठवड्यातून एकदा हातात घेऊन तपासायचा: वजन, तळपाय, गुदद्वाराजवळच्या उवा, नाकपुड्या, अन्नपिशवी. दरेकी ५ मिनिटे. ४८ पक्ष्यांना आठवड्याचे आणखी चार तास झाले. दोन माणसांत हे जेमतेम बसते. संख्या वाढली की पहिल्यांदा ही हातातली तपासणीच बुडते, आणि ती बुडल्याचे दोन महिने कुणाला कळत नाही. तर हात म्हणतात ४८.

पैसा (प्रश्न ८) म्हणतो ४५.

आता गट. सहा कप्प्यांपैकी दोनांत असे कोंबडे आहेत ज्यांचे कुणाशीच जमत नाही, ते एकेकटे. उरलेल्या चार कप्प्यांत नऊ-नऊ. छत्तीस आणि दोन, अडतीस. त्यातल्या चार जागा कायम रिकाम्या ठेवायच्या, कारण गट फुटतात आणि फुटलेल्याला त्याच संध्याकाळी कुठेतरी न्यावे लागते. उरले ३४.

जमीन ५२ म्हणत होती. निवारे गळ्यापर्यंत भरतात ते बहुतेक वेळा जमिनीच्याच आकड्यावर विसंबून.

४. सगळे एकत्र सोडले तर काय होते? आणि गट जमतात कसे?

एकाच वेळी मोठे झालेले, कोंबड्या नजरेसही न पडणारे कोंबडे एकत्र राहू शकतात. आठ-दहाचा असा निव्वळ नरांचा गट वर्षानुवर्षे टिकतो. त्यात कोण मोठा हे एकदा ठरले की ठरले. पहाटेची पहिली बांगही त्या मोठ्याचीच. बाकीचे त्याच्यामागून पायरीपायरीने आरवतात, हे जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मोजून दाखवले आहे.

गट टिकवायला जागेची मांडणी महत्त्वाची. दाण्याची भांडी पक्ष्यांच्या मानाने भरपूर आणि लांब लांब. दहांना किमान चार. पाणी दोन ठिकाणी. अंगणात आडोसे हवेत (झुडूप, उभा पत्रा, गवताची पेंढी), म्हणजे हरलेल्याला नजरेआड होता येते. खुराड्याला दारे दोन. एकच दार असले की दांडगा त्यात उभा राहतो आणि बाकीचे बाहेर अंधारात. दांड्या सगळ्या एका उंचीवर. शिडीसारख्या लावल्या की सर्वांत वरच्या दांडीवरून रोज संध्याकाळी मारामारी.

नवा आत घ्यायचा तर आधी जाळीच्या पलीकडे १० ते १४ दिवस. मग दोघातिघांना मिळून, जिथे आधी कुणाचाच हक्क नव्हता अशा जागेत, संध्याकाळी सोडायचे. मानेची पिसे फुलवणे, छातीवर छाती, मिनिट-दोन मिनिटांची उडी-उडी ठीक आहे. एक जण मान खाली घालून बाजूला झाल्यावरही दुसरा पाठलाग सोडत नसेल, किंवा तुऱ्यातून रक्त आले, तर लगेच वेगळे. रक्त दिसले की गटातले तिसरे-चौथेही टोचायला येतात.

आणि एक. दिवस मोठा होऊ लागला की, साधारण फेब्रुवारीपासून, कोंबड्यांची रग वाढते. डिसेंबरात गुण्यागोविंदाने राहणारा गट मार्चमध्ये फुटतो. म्हणून गटांचा आकडा मार्च-एप्रिलमध्ये तपासायचा, थंडीत नाही.

५. जोडी आहे, कोंबडा आणि कोंबडी. दोघांना मिळून घ्याल?

जोडी म्हणजे एक पूर्ण कप्पा. एका कोंबडीमागे एक कोंबडा असला की तिच्या पाठीची पिसे झडतात, पुढे कातडी फाटते. दहाबारा कोंबड्यांच्या मिश्र गटात जागा असेल तर दोघे तिथे जाऊ शकतात, पण त्या गटात आधीचा कोंबडा नसावा. तो बहुधा असतोच. अंडी रोज उचलली जातात आणि उबवली जात नाहीत. निवाऱ्यातच पिल्ले निघू लागली तर हा सगळा हिशेब करण्यात अर्थच उरत नाही.

६. जागा आहे म्हणता, मग महिनाभर थांबा कशाला म्हणता?

जागा गटात असते, पण वाट विलगीकरणातून जाते. नवा पक्षी ३० दिवस वेगळ्या खोलीत राहतो. खोलीची भांडी, झाडू, चपला वेगळ्या. तिथले काम दिवसातले शेवटचे. पहिल्या आठवड्यात विष्ठेची तपासणी, जंतांचे औषध, उवा-गोचिडांवर उपचार. श्वासात घरघर आहे का, चेहरा सुजून नाकातून घाण वास येतो का, विष्ठा हिरवी पातळ आहे का, हे रोज पाहायचे. मान पिळली जाऊ लागली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, समजून पशुवैद्याला बोलवायचे.

सर्वांत नेहमीची चूक अशी: विसाव्या दिवशी दुसरा कोंबडा आला आणि 'राहू दे याच खोलीत' म्हणून ठेवला. झाले, पहिल्याचेही ३० दिवस नव्याने सुरू.

खोली रिकामी झाली की धुऊन, चुना मारून, दोन आठवडे कोरडी ठेवायची. एक फेरी ४४ दिवसांची, म्हणजे वर्षाला एका खोलीत जेमतेम आठ तुकड्या. एका तुकडीत दोन पक्षी मावत असतील तर वर्षाला सोळा. गटांत पन्नास जागा असल्या तरी सोळाच.

७. आमचा पांढरा, जाडा कोंबडा आहे, ब्रॉयलरचा. तो चालेल?

चालेल, पण तो मोजताना दोन धरतात. ही जात सुमारे सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलो व्हावी म्हणून तयार केलेली. त्यापुढे तो वाढतच राहतो आणि पाय व हृदय मागे पडतात. त्याला दाणा मोजून, दिवसातून दोनदा. गावठी कोंबड्यांसमोर दाणा दिवसभर असतो, म्हणून त्यांच्यात तो ठेवता येत नाही. दांडी फूटभरच उंच, खाली तुसाची जाड गादी. उंचावरून उडी मारली की तळपायाला जखम होते, तिची कडक गाठ बनते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. उन्हाळ्यात सर्वांत आधी हेच दगावतात. गावठी कोंबडा पाच-आठ वर्षे जगतो, कधी त्याहून जास्त; हा बहुधा एक ते तीन.

८. एका कोंबड्याला खर्च किती?

दाणा रोज सुमारे १२० ग्रॅम, वर्षाला ४४ किलो. किलोला ४० रुपये धरले तर १,७६० रुपये. तुमच्या बाजारातला भाव घालून आकडा बदला. पाणी थंडीत पाव लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट किंवा जास्त.

दाणा हा त्यातला स्वस्त भाग. मजुरी, तूस, औषधे, विष्ठेच्या तपासण्या आणि जाळीची दुरुस्ती मिळून तो मागे पडतो. हिशेब एका वर्षाचा करून भागत नाही. आज घेतलेला वर्षाचा कोंबडा म्हणजे पुढच्या सहा-सात वर्षांचा शब्द. तीन महिन्यांचा सगळा खर्च बँकेत पडून असेल तेवढीच संख्या ठेवायची. देणगी एका महिन्यात आटली तरी दाणा त्या महिन्यात बंद करता येत नाही.

स्वस्त पडते म्हणून अंड्यांच्या कोंबड्यांचे लेअर खाद्य नरांना घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असते. कोंबड्याला एक टक्का पुष्कळ. जास्तीचे मूत्रपिंडावर येते. ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे) खाद्य, वर थोडी ज्वारी-बाजरी, मक्याचा भरडा आणि बारीक खडी पुरते.

९. मी दरमहा पैसे पाठवीन. मग तर घ्याल ना?

पैशाने पाचांतला एक आकडा वाढतो (प्रश्न ३). तोच सर्वांत लहान असेल तर हो. नसेल तर नाही. त्याच पैशातून नवा कप्पा उभा राहिला तर उत्तर बदलू शकते, पण पुढच्या वर्षी.

१०. तुमच्याकडचा एक गेला असे कळले. म्हणजे जागा झाली ना?

लगेच नाही. आठांच्या जमलेल्या गटातला मोठा गेला तर उरलेल्या सातांत क्रम नव्याने लागतो. त्याला दोन-तीन आठवडे जातात. त्यात नवा घुसवला तर सातही बिघडतात. कारण रोग असेल तर गट ३० दिवस बंद. आणि म्हाताऱ्यांच्या गटात, जिथे सगळे सहाच्या पुढचे आहेत, तरणा कोंबडा घालतच नाहीत. तो गट आपोआप लहान होऊ देतात आणि शेवटच्या दोघांना दुसरीकडे हलवून कप्पा मोकळा करतात.

११. शेजारी तक्रार करत नाहीत? आवाजामुळे संख्या कमी करावी लागते का?

लागते. जवळून, म्हणजे मीटरभर अंतरावरून, बांग ९० डेसिबलच्या आसपास किंवा वर भरते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून १०० मीटरवर सुमारे ५०. दहा जण एकदम आरवले तर १० डेसिबल वाढतात आणि तोच ५० गाठायला ३०० मीटर लागतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची सरासरी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ आहे. कोंबड्याची वेळ नेमकी सहाच्या आधीची! अंधार केला तरी तो आरवतोच, कारण पहाटेची बांग त्याच्या शरीरातल्या घड्याळाने ठरते, उजेडाने नाही. खुराडे घराकडे पाठ करून बांधणे, भिंत दगड-मातीची ठेवणे आणि सातनंतरच दार उघडणे, एवढे करता येते.

१२. पोलिसांनी कोंबडा बाजारावर (झुंजींच्या अड्ड्यावर) धाड घालून तीस कोंबडे पकडले. ते एकदम घेता येतील?

तीस झुंजीचे कोंबडे म्हणजे तीस कप्पे, निदान सुरुवातीला. जाळी चालत नाही. पलीकडचा दिसला की जाळीतूनच चोची-पाय फोडून घेतात. मध्ये प्लायवूडचा किंवा पत्र्याचा पडदा हवा. बऱ्याच असीलांचे (झुंजीच्या जातीच्या कोंबड्यांचे) तुरे कापलेले असतात, पायामागचे काटे छाटून सुरी बांधलेली असते. मांडीच्या आणि छातीच्या खोल जखमा पिसांखाली लपतात, त्या हाताने शोधाव्या लागतात.

प्राण्यांची झुंज लावणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पकडलेले पक्षी खटल्यातला मुद्देमाल ठरतात. खटला चालू असताना त्यांना पांजरपोळात किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवण्याची आणि खर्च आरोपीवर टाकण्याची सोय २०१७च्या नियमांत आहे. पण पैसा हातात पडेपर्यंत दाणा उधारीवर येतो. निकाल लागेपर्यंत त्यातला एकही परस्पर दुसऱ्याकडे देता येत नाही. तेव्हा असे पक्षी निवाऱ्याच्या नेहमीच्या संख्येत न धरता वेगळे मोजायचे, आणि तारीख किती लांबेल ते गृहीत धरून 'हो' म्हणायचे. पायात नंबराचे कडे घालून प्रत्येकाचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. तिसाचे एकोणतीस झाले तर उत्तर न्यायालयात द्यावे लागते.

झुंजीचा कोंबडा कधीच शांत होत नाही, हा समज खरा नाही. अमेरिकेतल्या व्हाइन सँक्चुअरीने त्यांना हळूहळू कळपात रुळवण्याची पद्धत बसवली. त्यांची धारणा अशी की हा पक्षी रागापेक्षा भीतीने तुटून पडतो. आधी पिंजऱ्यातून शांत कळप पाहू द्यायचा, मग देखरेखीखाली थोडा वेळ बाहेर, भांडला की परत आत. काही रुळतात, काही नाही. नियोजन करताना मात्र तिसांपैकी सगळे एकेकटेच राहतील असे धरावे.

१३. बर्ड फ्लूची बातमी आली की घेणे का थांबवता? आमच्याकडे तर काही नाही.

कारण तिथे चूक एका पक्ष्यापुरती राहत नाही. भारतातला पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात. ठिकाण बाधित ठरले की आताच्या पद्धतीत १ किलोमीटरच्या परिघातले पाळीव पक्षी मारले जातात आणि १० किलोमीटरपर्यंत निगराणी असते. निवारा आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही. त्या काळात नवा पक्षी नाही, भेटी नाहीत, जुनी पिंजऱ्याची जाळीही कुणाकडून आणायची नाही. बगळे-कावळे दाण्यावर उतरू नयेत म्हणून दाणा छताखाली. अचानक तीन-चार मेले तर पुरायच्या आधी पशुसंवर्धन विभागाला कळवायचे.

१४. पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात संख्या बदलते का?

कोकणात जून ते सप्टेंबर अंगणाचा चिखल होतो. त्या चार महिन्यांत जमीन मोजायचीच नाही, छताखालची जागा मोजायची. ५२ चे वीस होऊ शकतात. ओल्या तुसात रक्ती हगवण आणि तळपायाच्या जखमा वाढतात. तूस मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर बदला. विदर्भात हीच अडचण मे महिन्याची: कोंबड्याला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकतो, आणि दुपारी बारा ते चार सगळे जिथे सावली तिथे दाटतात. ती सावली किती जणांना पुरते तोच उन्हाळ्याचा आकडा. नवे घेणे ऑक्टोबर ते जानेवारीत सोपे.

१५. देवाला सोडलेला कोंबडा देवळाबाहेर हिंडतो आहे. उचलून आणू का?

आधी देवळात विचारा. पुष्कळदा पुजारी किंवा शेजारचा दुकानदार त्याला दाणापाणी घालत असतो आणि रात्री तो नेमक्या झाडावर बसतो. तसे असेल तर हलवू नका. जखमी असेल किंवा कुत्री मागे लागत असतील तर अंधार पडल्यावर टोपलीखाली धरा. दिवसा धावपळ करू नका. पुढचे प्रश्न ६ प्रमाणे.

१६. नाही म्हणालात. आता त्याचे काय करू?

टेकडीवर किंवा जंगलाच्या कडेला सोडू नका. मुंगूस, बाऊल (रानमांजर), भटकी कुत्री यांच्यात घरचा कोंबडा रात्रभर टिकत नाही. बांग बंद व्हावी म्हणून गळ्याला पट्टा बांधू नका. दाणा गळ्यात अडकतो, गरमीत धाप घेता येत नाही. मान वर ताणायला जागा नसलेली, पण चारी बाजूंनी हवा खेळती असलेली लाकडी पेटी रात्रीपुरती वापरली तर आवाज बराच दबतो. संध्याकाळी सातला आत, सकाळी सातला बाहेर, मे महिन्यात अजिबात नाही.

निवाऱ्याच्या यादीत नाव घालताना वय, जात, वजन, आजवर कुणाबरोबर राहिला, माणसावर धावतो का आणि कुठल्या लसी झाल्या, एवढे लिहा. 'खूप प्रेमळ आहे' हे सगळेच लिहितात. 'भावाबरोबर वाढला, दोघांचे जमते' असे असेल तर ते आधी लिहा. जमलेले दोघे एकट्यापेक्षा लवकर बसतात.